नकाशातील रान आणि गावची नोंदवही

(जयसिंगपूर येथे सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या जनक पित्याच्या नावाने वसविलेले हे नगर आधी कागदावर आखले गेले आणि मग जमिनीवर उभे राहिले. वन्य प्राण्यांच्या वसतिस्थानांचे नेमके याच्या उलट झाले. ती जमिनीवर युगानुयुगे होती. कागदावर फार उशिरा आली.

शिरोळ तालुका उसाचा. येथे रानाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु राधानगरीच्या डोंगरातून निघणाऱ्या भोगावतीचे पाणी पंचगंगेवाटे नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. त्या रानाची धूप झाली, तर तिचा गाळ आपल्याच नदीत येणार आहे.

दाजीपूरचे गवा अभयारण्य १९५८ साली स्थापन झाले; पुढे त्याचा विस्तार होऊन आजचे राधानगरी अभयारण्य झाले. उत्तरेस कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. या दोहोंमधील विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा या भागांतील रानाची पट्टी म्हणजे वन्य प्राण्यांची जाण्यायेण्याची वाट. ही वाट खरोखर वापरात आहे काय? २०२२ साली राधानगरीत स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेला वाघ २०२३ च्या डिसेंबरात सह्याद्री प्रकल्पात आढळला. अंगावरील पट्ट्यांची ठेवण जुळली आणि वाटेचा पुरावा मिळाला.

अशी वाट शोधण्याची रीत अवघड नाही. उपग्रहाच्या छायाचित्रावरून झाडोरा, भूमापनाच्या नकाशावरून ओढे व चढउतार, महसुली नकाशावरून गट क्रमांक, शिवाय रस्ते, खाणी व वस्त्या असे थर एकावर एक ठेवावयाचे. रान कोठे सलग आहे आणि कोठे तुटते, हे मग दिसू लागते. कोल्हापूर–रत्नागिरी महामार्ग आंबा घाटातून हीच पट्टी ओलांडतो. नागपूर–शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग ठेवण्यात आले. त्यांतून वाघही ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी दाखविले. नकाशा वेळेवर हाती असेल, तर असा मार्ग मूळ आराखड्यातच घालता येतो.

मात्र उपग्रहाला सारेच दिसत नाही. आपल्या कृष्णाकाठची मगर घ्या. उन्हाळ्याच्या सुमारास ती काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. ती जागा कोळ्याला ठाऊक असते, गुराख्याला ठाऊक असते, नकाशाला नसते. काठाची माती उपसली गेली, ऊस थेट धारेपर्यंत आला, की मगर आणि माणूस एकाच पाणवठ्यावर समोरासमोर येतात. कपडे धुणाऱ्या भगिनीच्या व पोहणाऱ्या मुलाच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

यासाठीच जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. अनेक गावांत ही नोंदवही मुदत गाठण्यासाठी घाईने भरली गेली आणि कपाटात बंद झाली. शेजारच्या गावाच्या वनस्पतींची यादी जशीच्या तशी उतरवून घेतलेली वही गावाच्या काय कामाची?

माझी विनंती तीन गोष्टींची आहे. शिक्षकांनी मुलांकडून गावच्या नकाशावर घरटी, डोह, जुनी झाडे आणि मगरीच्या बसण्याच्या जागा यांच्या खुणा करून घ्याव्यात. ग्रामसेवकांनी त्या गट क्रमांकांशी जोडून नोंदवहीत लिहाव्यात. सरपंचांनी माती-वाळूच्या उपशाचा किंवा घाट बांधण्याचा ठराव मांडण्यापूर्वी ती वही ग्रामसभेसमोर उघडावी. मगरीची जागा आधीच नोंदलेली असली, तर घाट शंभर पावले अलीकडे बांधता येईल. त्याला जादा खर्च नाही. आधी पाहण्याची सवय मात्र हवी.

सह्याद्रीतील वाघाची वाट तज्ज्ञ आखतील. आपल्या नदीकाठचा नकाशा आपल्यावाचून दुसरे कोण आखणार?

जय हिंद, जय महाराष्ट्र.