प्रसूतीची तयारी आणि संकोचाचे ओझे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु प्रसूतीसाठी नातेवाइकांनी आणावयाच्या सामानाची यादी आमच्या कार्यालयातून जाते. त्या यादीतील एका ओळीविषयी आज निवेदन करावयाचे आहे.

ती ओळ होती ‘ब्लेड – 1 नग’. प्रसूतीपूर्वी जांघेतील केस काढण्याची प्रथा अनेक वर्षे चालत आली. रक्कम क्षुल्लक, म्हणून तिचे कारण विचारण्याचे आम्हांला कधी सुचले नाही.

एके पहाटे सोलापूरच्या पूर्व भागातील, विडी वळणाऱ्या कुटुंबातील एक सून अगदी अखेरच्या घटकेला दाखल झाली. परिचारिकेने उशिराचे कारण विचारले. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, “कळा रात्रीच सुरू झाल्या होत्या, बाई. पण ती म्हणाली, अंग साफ केल्याशिवाय कशी जाऊ? तिथल्या बाया नावं ठेवतील.” पोटामुळे स्वतःला दिसत नसताना तिने चाचपडत ब्लेड फिरविले होते, कातडीवर चिरा पडल्या होत्या. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. मात्र त्या विलंबाच्या खात्यावर आमची ती ओळही मांडली पाहिजे.

आमच्या डॉक्टरांनी सांगितले, की या प्रथेने जंतुसंसर्ग कमी होत नाही, हे अमेरिकेतील एका अभ्यासात 1922 सालीच दिसले होते. उलट ब्लेडच्या सूक्ष्म जखमांत जंतूंना वाव मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 सालच्या मार्गदर्शक सूचनांतही प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत, असेच म्हटले आहे. शस्त्रक्रियेसाठी गरज पडलीच, तर रुग्णालयातच क्लिपरने केस कापले जातात. व्हिएन्नात 1847 साली डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त द्रावणात हात धुवावयास लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. थोडक्यात, स्वच्छतेचे पहिले देणे रुग्णालयाचे आहे, कळा सोसणाऱ्या स्त्रीचे नव्हे.

ती ओळ आम्ही यादीतून खोडली आहे. तिच्या जागी मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये साध्या सूचना दिल्या आहेत : रोजची अंघोळ पुरेशी आहे, नखे कापावीत, नखांना रंग लावू नये, कारण रक्तातील प्राणवायू मोजताना त्याचा अडथळा होऊ शकतो, बोटे सुजण्यापूर्वी अंगठ्या काढून घरी ठेवाव्यात, केसांची सैल वेणी घालावी. पाणी जाऊ लागले, रक्तस्राव झाला किंवा कळा नियमित येऊ लागल्या, तर असेल त्या वेषात निघावे. घामाची, पायांवरील केसांची, प्रसूतीच्या वेळी शौचास होण्याची लाज वाटून घेऊ नये. आमच्या परिचारिकांना यात नवल नाही. आणि कोणी नाक मुरडलेच, तर तो दोष आमचा समजून कार्यालयात कळवावे.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विनंती, की सातव्या महिन्यात ओटी भरताना हे दोन शब्दही लेकीसुनांच्या कानी घालावेत. देणगीदारांना विनंती, की प्रसूतिकक्षात प्रत्येक खाटेभोवती पडदा लावण्यास साहाय्य करावे. ब्लेडपेक्षा त्या पडद्याची आमच्या भगिनींना अधिक गरज आहे.