तंबाखू, विद्यार्थी आणि स्वातंत्र्याचा प्रश्न
(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विद्यापीठातील विद्यार्थ्याला तंबाखू नियंत्रणाविषयी विचारले, तर तो पुष्कळदा त्यास पाठिंबाच देतो. गुटख्यावर बंदी हवी, शाळेजवळ विक्री नको, बसस्थानकावर पिचकाऱ्या मारणाऱ्यास दंड व्हावा, हे सारे त्याला मान्य असते. परंतु महाविद्यालयाच्या फाटकासमोरील टपरीवर तो स्वतः ओढीत असलेल्या सिगारेटीचा प्रश्न निघाला, की त्याच्या तोंडी व्यक्तिस्वातंत्र्याची भाषा येते. बंदी इतरांसाठी आणि स्वातंत्र्य स्वतःसाठी, या विभागणीत केवळ विसंगती नाही, वर्गदृष्टीही दडलेली आहे. मजुराची विडी, शेतकऱ्याचा मळलेला तंबाखू, कष्टकरी बाईची मिश्री ही घाण. सुशिक्षिताची सिगारेट मात्र चिंतनाची सोबतीण!

वस्तुस्थिती काय आहे? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे वा लावणारे २४.४ टक्के होते. देशात तंबाखूमुळे दरवर्षी तेरा लाखांहून अधिक माणसे मरतात. रोग मात्र सिगारेट आणि विडी असा भेद करीत नाही.

आता स्वातंत्र्याचा मुद्दा. त्याच पाहणीत तंबाखूची सुरुवात करण्याचे सरासरी वय देशभरात १८.९ वर्षे आढळले. म्हणजे नेमके महाविद्यालयात वावरण्याचे वय. घर सुटलेले असते, मित्रांचा आग्रह असतो, परीक्षेचा व बेकारीचा ताण असतो. निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि पहिल्या झुरक्यासाठी वापरलेले स्वातंत्र्य पुढल्या झुरक्यांपाशी उरत नाही. उघड जाहिरातीस २००३ च्या कायद्याने मनाई केली. तरी पानमसाला आणि वेलचीच्या नावाखाली चित्रपटातील नट त्याच नाममुद्रा तरुणांपुढे नाचवीत राहिले. ज्या निवडीमागे इतका पैसा ओतला जातो, तिला मुक्त निवड म्हणणे हा भांडवलशाहीचा जुनाच युक्तिवाद होय.

कायद्यांची वाण नाही. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी केली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई झाली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा बंद केला, तर पानमसाला व तंबाखू अशा दोन निरनिराळ्या पुड्या विकण्याची युक्ती निघाली. २०२० साली राज्यात सुट्या सिगारेटी व विड्यांच्या विक्रीवर बंदी आली. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडते ती एकच सिगारेट आणि तिच्यावर धोक्याचे चित्र नसते, हे या बंदीमागील साधे कारण. परंतु अंमलबजावणी म्हणजे अधूनमधून टपरीवाल्यास दंड, एवढाच अर्थ उरला तर साखळीतील सर्वांत दुबळा दुवा तेवढा चेपला जातो. दुसरीकडे, जनतेच्या बचतीवर उभ्या असलेल्या आयुर्विमा महामंडळाची सिगारेट उत्पादक आयटीसी कंपनीत मोठी गुंतवणूक आहे. आयुष्याचा विमा उतरवणाऱ्या संस्थेने आयुष्य घटवणाऱ्या धंद्यातून लाभांश घ्यावा, ही विसंगती विद्यार्थ्यांनी विचारावयास हवी.

येथे सोलापूरच्या आणि निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांचा प्रश्न टाळता येणार नाही. घरी बसून, हजारावर मजुरी घेऊन, तंबाखूची धूळ छातीत भरून घेत त्या विड्या वळतात. खराब ठरवलेल्या विड्यांची मजुरी त्यांना मिळत नाही. १९६६ चा विडी कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याणनिधीचा कायदा संघर्षाच्या काळातच आले. २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर त्या निधीसाठीचा उपकर संपुष्टात आला. म्हणून ‘विडी बंद करा’ एवढेच म्हणणारे नियंत्रण अपुरे आहे. २००४ साली भारताने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण करारातही कामगार व उत्पादक यांच्या पर्यायी उपजीविकेचे कलम आहे. कारखानदार कामगारांना पुढे करून नियंत्रणास विरोध करतात. त्यांच्या हातातील ही ढाल काढून घ्यावयाची, तर नियंत्रण आणि पुनर्वसन या मागण्या एकत्रच मांडाव्या लागतील.

तेव्हा युवक कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. महाविद्यालयाभोवतीचे १०० यार्ड मोजावेत. टपरीवाल्यास हुसकावण्याऐवजी त्याला दुसरा माल विकण्यासाठी नगरपालिकेकडून परवाना व कर्ज मिळवून द्यावे. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यास उपहास नव्हे, मदत मिळावी, यासाठी महाविद्यालयात समुपदेशनाची मागणी करावी. आणि हे सारे मागताना शिबिरातील चर्चा धुराविना चालवून दाखवावी. जो तरुण स्वतःच्या सिगारेटीला तत्त्वज्ञान चिकटवतो, त्याला मजुराच्या तंबाखूविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. व्यसनमुक्ती हा वरून खाली दिलेला उपदेश नव्हे. कष्टकऱ्यांच्या बरोबरीने लढावयाचा तो आरोग्याचा आणि न्यायाचा लढा आहे.