वारशाचा हृद्रोग आणि प्रतिपिंडांची आशा

(व्याख्यानाचा गोषवारा)



धडधाकट तरुण मैदानावर धावता धावता कोसळतो आणि घराचा आधार हरपतो. लोक त्यास दैवाचा घाला म्हणतात. परंतु अशा काही मृत्यूंचे मूळ वारशाने आलेल्या हृदयस्नायूंच्या विकारात असते.

ग्रीस देशातील नॅक्सॉस बेटावरील अशा काही कुटुंबांची नोंद हृदयरोगतज्ज्ञ निकोस प्रोटोनोटेरिओस व सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. त्या रुग्णांचे केस लोकरीसारखे, तळहात-तळपायांची त्वचा जाड आणि हृदयाचे ठोके अनियमित होते. त्यामागील जनुकीय दोष २००० साली सापडला. हृदयाच्या पेशी एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्लाकोग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकात तो होता. शिवण कच्ची असली की ताण पडताच कापड उसवते, तद्वत या पेशी विलग होतात आणि स्नायूंची जागा चरबी व तंतुमय ऊती घेतात.

अनेक रुग्णांच्या हृदयात दाहाच्या पेशीही आढळतात. २०१९ साली अमेरिकेतील संशोधकांनी याच वर्गातील विकार असलेल्या उंदरांत दाहाचा एक मार्ग औषधाने रोखला, तेव्हा विकाराची तीव्रता घटली. दोष जन्माचा असला, तरी त्यातून पेटणारी आग शमविता येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली.

येथेच प्रतिपिंडांचा विचार पुढे येतो. कॅनाकिनुमॅब हे प्रतिपिंड इंटरल्युकिन-१ बीटा या दाहकारक प्रथिनास निष्प्रभ करते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. १५० मिलिग्रॅम मात्रेने पुन्हा झटका, पक्षाघात वा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. त्या रुग्णांची व्याधी निराळी होती. आनुवंशिक विकारावर हा उपचार अद्याप प्रस्थापित झालेला नाही, हे विसरता कामा नये.

तोवर अतिश्रमाचा व्यायाम टाळणे, ठोके नियंत्रित करणारी औषधे आणि आवश्यकतेनुसार शरीरात बसविले जाणारे डिफिब्रिलेटर यंत्र, हेच आधार आहेत. ज्या घरात तरुण वयात अकस्मात मृत्यू घडला असेल, त्या घरातील आई-वडील, भावंडे व मुलांनी हृदयरोगतज्ज्ञांकडून ई.सी.जी. व इको तपासणी अवश्य करून घ्यावी. सोयरीक मोडेल या भयाने आजार झाकून ठेवू नये. झाकलेला आजार पुढच्या पिढीस अंधारात ठेवतो. वेळेवर झालेली तपासणी एखादा जीव वाचवू शकते.