पाटोद्याचा राहुल, 1952 च्या गादीवर



बॉक्सिंगच्या शौकिनांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. फ्लॉइड मेवेदर शुगर रे रॉबिन्सनच्या काळात जन्माला आला असता, तर टिकला असता का? मेवेदर व्यावसायिक कारकिर्दीत 50 लढती लढला आणि सगळ्या जिंकला. रॉबिन्सन दोनशेच्या आसपास लढला, तेही अजिंक्यपदासाठी पंधरा-पंधरा फेऱ्या लढाव्या लागत त्या दिवसांत. आपल्या बीड जिल्ह्यात बॉक्सिंगपेक्षा कुस्ती जवळची, म्हणून हाच प्रश्न मी आपल्या मातीतल्या मल्लाबद्दल विचारणार आहे. पाटोद्याचा राहुल आवारे खाशाबा जाधवांच्या काळात असता, तर काय झालं असतं?

ही जोड मी उगाच लावलेली नाही. खाशाबांनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं ते 57 किलो वजनगटात. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राहुलनं 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेही 57 किलोतच. मध्ये 66 वर्षं गेली, पण काटा तोच. शिवाय दोघंही पुढे महाराष्ट्र पोलीस दलात गेले.

आधी गादीवरचं बोलू. आज फ्रीस्टाइल कुस्ती सहा मिनिटांची असते. तीन मिनिटं, अर्ध्या मिनिटाची विश्रांती, पुन्हा तीन मिनिटं. प्रत्येक डावाचा गुण लगेच फलकावर लागतो आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. गोल्ड कोस्टच्या अंतिम फेरीत राहुलनं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15-7 असं हरवलं. शेवटी शेवटी तर तो दुखापत घेऊनच लढत होता. सहा मिनिटांत पंधरा गुण घेणारा मल्ल वाट बघत उभा राहत नाही. तो पटात शिरतो, समोरच्यानं पाय सोडवला तर दुसऱ्या बाजूनं शिरतो, खाली घेतला की तिथंच फिरवतो.

हेलसिंकीत कुस्ती पंधरा मिनिटांची होती. चितपट झाली नाही तर तीन पंच कौल देत. हरलेल्याच्या आणि नुसत्या कौलावर जिंकलेल्याच्याही नावावर वाईट गुण चढत, आणि पाच भरले की मल्ल स्पर्धेबाहेर. म्हणजे जिंकायचं तर चितपटच करावं, अशी ती रचना होती. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग जपानच्या शोहाची इशीईकडून आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवकडून ते कौलावर हरले. इशीईशी पूर्ण वेळ झुंजल्यावर अर्ध्या तासाची हक्काची विश्रांतीही न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं, आणि भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता, असं सांगितलं जातं. वर आज प्रत्येक गटात दोन कांस्यपदकं असतात. तेव्हा एकच होतं. खाशाबांचं पदक तोलताना हे विसरता कामा नये.

मग राहुल तिथं टिकला असता का? माझ्या मते, दमसासात तो कमी पडला नसता. त्याचे वडीलही पैलवान, आणि त्यानं पहिला लंगोट कसला तो पाटोद्याच्या मातीत. मातीवरच्या निकाली कुस्तीत दोन बरोबरीचे मल्ल घड्याळाकडे न बघता झुंजतात. त्या सवयीवर पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार मामांनी आणि नंतर काका पवारांनी गादीचं शिक्षण चढवलं. खाशाबांना हाच रस्ता धावत पार करावा लागला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना जवळजवळ नवे होते, तरी ते 52 किलोत सहावे आले. चार वर्षांत वरच्या वजनात जाऊन पदक आणलं. ढाक या डावावर त्यांची हुकमत होती, आणि ढाक लागली तर पंचांच्या कौलाची गरज उरत नाही. त्यामुळे 57 किलोत, त्यांच्या नियमांत, मी खाशाबांना उजवं मानेन. पाटोद्याचा अभिमान मलाही आहे, पण न्याय न्यायाच्या जागी.

वजनाचा काटा जरा पुढे सरकवला की मात्र चित्र बदलतं. राहुलचं जागतिक स्पर्धेतलं पदक 2019 चं. नूर-सुलतानला त्यानं अमेरिकेच्या टायलर ग्राफला 11-4 असं हरवून कांस्य घेतलं, ते 61 किलोत. हा गट आज ऑलिंपिकमध्ये नाही. पुरुषांच्या फ्रीस्टाइलला तिथं सहाच गट उरलेत, आणि 57 नंतर एकदम 65. ज्याचं अंग 61 ला बसतं त्यानं एक तर उपाशी राहून 57 वर यायचं, नाहीतर आपल्यापेक्षा जड मल्लांत घुसायचं. हेलसिंकीत आठ गट होते आणि त्यात 62 किलोचा गट होता. आपले के. डी. माणगावे त्याच गटात उतरले आणि त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. त्या गटात राहुल उतरला असता तर पदक घेऊन परतला असता, असं मला मनापासून वाटतं.

पण श्रोतेहो, आतापर्यंत आपण आजच्या राहुलला उचलून थेट हेलसिंकीत नेऊन ठेवलं. तो पाटोद्यातच 1926 साली जन्मला असता तर? खाशाबांचं जन्मवर्ष ते.

लंडनचं ऑलिंपिक 1948 च्या 29 जुलैपासून 14 ऑगस्टपर्यंत झालं. त्या पंधरवड्यात पाटोदा भारतात नव्हतं. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, गावोगाव रझाकारांची दहशत होती. हैदराबाद भारतात आणणारी पोलीस कारवाई सुरू झाली 13 सप्टेंबरला, म्हणजे ऑलिंपिकची ज्योत विझल्यावर महिनाभरानं. बावीस वर्षांचा पाटोद्याचा पैलवान तेव्हा भारताचा बनियन घालणार तरी कसा?

1952 ला आपण भारतात होतो, पण खाशाबांच्या पाठीशी जे होतं ते आपल्याकडे नव्हतं. त्यांच्यामागे कोल्हापूर होतं. शाहू महाराजांनी वाढवलेल्या तालमी होत्या, खासबागेचं मैदान होतं. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. हेलसिंकीच्या वेळी पैसे कमी पडले, तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 1952 मधले सात हजार! आणि संघात जागा मिळवायला पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून पुन्हा कुस्ती लावून घ्यावी लागली, ती वेगळीच. बालाघाटावरच्या कोरडवाहू गावातल्या पोरासाठी कुणी घर गहाण ठेवलं असतं, आणि कुठल्या महाराजांकडे त्यानं दाद मागितली असती?

म्हणून माझं म्हणणं असं, की राहुलचा डाव त्या काळात चालला असता, पण राहुल त्या गादीपर्यंत पोहोचलाच नसता. आपल्या डोंगरपट्ट्यात त्या पिढीत किती जण असे राहून गेले असतील, त्यांची नावं आज कुणालाच माहीत नाहीत. आजही वाट सोपी झालेली नाही. राहुल एकाही ऑलिंपिकला गेला नाही. 2016 ला 57 किलोचा कोटा संदीप तोमरनं मिळवला आणि रिओला तो गेला. टोकियोला रवी दहिया गेला आणि रौप्य घेऊन आला. पण काही बाबतींत काळ नक्की सुधारलाय. राहुलला 2020 साली, खेळत असतानाच अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तो पोलीस उपअधीक्षक झाला. खाशाबा 1955 साली फौजदार म्हणून लागले, बढतीसाठी वर्षानुवर्षं तिष्ठत राहिले, 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

शेवटी एक विनंती, गावोगावच्या यात्रा कमिट्यांना. आपल्या फडावर दुपारी रेवड्यांवर आणि नारळावर पोरांच्या कुस्त्या लागतात, मग शंभर-दोनशे रुपयांच्या. ऊन उतरलं की हलगी जोरात वाजते आणि मानाची कुस्ती लागते, ती नव्वद-शंभर किलोच्या पैलवानांची. पंचावन्न-साठ किलोच्या पोराची कुस्ती कितीही रंगली तरी ती दुपारीच उरकते. खाशाबा याच वजनाचे होते, राहुलही याच वजनाचा. यंदाच्या यात्रेत या वजनाची एक तरी जोड शेवटी लावा, इनाम भारी कुस्तीच्या बरोबरीचं ठेवा, आणि जिंकलेल्या पोराला फेटा सगळ्या गावासमोर बांधा.