सोमाली लग्नघरातले गाणे



विषय ऐकून काहींना हसू आले असेल. सोमालियातल्या लग्नाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो अगदी लांबचा नाही. एडन बंदर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारात होते, आणि समोरच्या किनाऱ्यावरचा इंग्रजी सोमालीलँड १८९८ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या वतीने त्या एडनहूनच चालविला जाई. सोमाली लोक शाफई पंथाचे, आपले कोकणी मुसलमानही शाफई. पुण्याच्या महाविद्यालयांत सोमाली मुले शिकून गेली आहेत. लग्नाला त्यांच्या भाषेत ‘अरूस’ म्हणतात. आपण ज्याला उरूस म्हणतो तो शब्दही त्याच अरबी मुळातून आलेला. तेव्हा उद्या एखाद्या सोमाली विद्यार्थ्याने तुम्हाला घरच्या लग्नाला बोलावले आणि गाण्याची व्यवस्था पाहा म्हटले, तर काय कराल?

पहिली गोष्ट ही की, तिथे एक समारंभ नसतो. निकाह शेख पढवतात. वराकडचे आणि वधूच्या वलीकडचे पुरुष जमतात, दुवा होते, तोंड गोड होते. तेथे गाण्याचा प्रश्नच येत नाही. गाणे सुरू होते ते बायकांच्या बैठकीत, आणि माझ्या मते सोमाली लग्नाचा खरा जीव तिथेच आहे.

या बैठकीतल्या काव्याला ‘बुरांबुर’ म्हणतात. पुरुषांचे भारदस्त काव्य ‘गबय’, तर बायकांचे बुरांबुर. एक बाई उभी राहून पदे म्हणते, भोवतालच्या टाळ्या धरतात, ‘दुर्बान’ नावाचा ढोल वाजतो, आणि एखाद-दोघी रिंगणात उतरून ओढणी पसरून ठेक्यावर पाय आपटत नाचतात. सोमाली काव्याचा नियम कडक आहे. कवितेला एक अक्षर धरले की प्रत्येक ओळीत त्या अक्षराने सुरू होणारा शब्द यायलाच हवा, शेवटपर्यंत. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायांना कोणी छंदशास्त्र शिकविले नव्हते, तिकडेही तसेच. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ साली. तोवर हे सारे भांडार पाठांतरावर जगले. हैदराबाद-मराठवाड्याकडचे ‘ढोलक के गीत’ ज्यांनी ऐकले आहेत त्यांना ही बैठक परकी वाटणार नाही.

पण येथेच एक सांभाळण्याची जागा आहे. बुरांबुरमध्ये वधूच्या आणि वराच्या घराण्याची, कुळाची स्तुती असते. सोमाली समाजात कुळ ही साधी बाब नाही. १९९१ साली सरकार कोसळल्यानंतर जो रक्तपात झाला त्यात माणसे कुळ विचारून मारली गेली. एकाच बाजूचे गुणगान तासभर चालले आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळी आल्या, तर विहिणी उठून जातील, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. म्हणून जाणती माणसे दोन्हीकडची एकेक म्हणणारी बाई आधी ठरवितात. बैठकीत कॅमेरा येऊ देऊ नये, हेही विसरू नका. तिथे बायका मोकळ्या बसलेल्या असतात.

आता वाद्यांचा वाद. तो आपल्या घरांतही आहे, त्यामुळे समजावयाला जड जाणार नाही. लग्नात दफ वाजविण्याला आधार आहे. अन्सारांच्या घरी नवरी पोचविली तेव्हा सोबत काही करमणूक नव्हती का, असे पैगंबरसाहेबांनी हजरत आयशांना विचारल्याची हदीस बुखारीत आहे. तंतुवाद्यांविषयी मात्र फकीहांची मते कडक आहेत. २०१० साली तर मोगादिशूच्या रेडिओ केंद्रांना सशस्त्र गटांनी संगीत बंद करावयाला लावले होते. ज्या कुटुंबाला वाद्ये नकोत त्यांच्या घरी टाळ्या, ढोल आणि बुरांबुर एवढ्यावर रात्र सुरेख निघते. त्यांच्यावर कीबोर्ड लादण्यात काही शौर्य नाही.

ज्यांना वाद्ये चालतात त्यांच्यासाठी मोठा खजिना आहे. १९४०च्या दशकात अब्दी सिनिमो नावाच्या एका लॉरी ड्रायव्हरची गाडी वाटेत बंद पडली आणि त्या वैतागातून त्याने छोटी पदे रचली, अशी कथा आहे. त्यांना नाव पडले ‘बल्वो’, म्हणजे संकट, आपल्या ‘बला’चे भावंड! तरुणतरुणी ती एकत्र गाऊ लागल्यावर शेख मंडळी रागावली. पण त्यातूनच पुढचे ‘हेल्लो’ गाणे वाढले. एडनमध्ये वाढलेल्या अब्दुल्लाही कर्शे यांनी त्याला ऊदची जोड दिली. ऊदला तिथे ‘कबन’ म्हणतात. कबनवरच्या जुन्या प्रेमगीतांना ‘करामी’ म्हणतात. स्वर पाचच, त्यामुळे आपल्या भूप-दुर्ग्याला सरावलेल्या कानाला ती पटकन लागतात. वडीलधारी माणसे जेवायला बसली असताना करामी लावावी, आणि आवाज बेताचा ठेवावा. या गाण्यांना आणखी एक मोल आहे. १९८८ साली हर्गेसा शहरावर त्यांच्याच सरकारच्या विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा काही लोकांनी ध्वनिफिती जमिनीत पुरून, सीमेपार नेऊन वाचविल्या. आज तिथल्या संग्रहात अशा हजारो फिती आहेत. मागूल ही गायिका २००४ साली परदेशात वारली. तिचा आवाज लागला की म्हाताऱ्या बायकांचे डोळे भरतात, हे ज्याने पाहिले तो डीजेला ‘जुने नको’ असे सांगणार नाही.

तरुणांना ‘डांतो’ हवा असतो. हा नाच इथिओपियातल्या सोमाली मुलखाचा, समोरासमोर रांगा करून उंटाच्या चालीचा. मिनिआपोलिस, लंडन, टोरांटो येथल्या लग्नांतही तो चालतो. घर सनातनी असेल तर स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगवेगळ्या दालनांत करता येतात, नाचाचे काही बिघडत नाही. नवरा-नवरीची नावे गुंफलेले गाणे गायकाकडून खास बनवून घेण्याची रीतही आहे. पैसे पडतात, पण ती कॅसेट म्हणा, फोनमधली फाईल म्हणा, घरात राहते. पाहुण्यांत बरावा गावचे लोक असतील तर त्यांना आधी विचारा. त्यांची घरची बोली स्वाहिलीच्या जातीची आहे आणि गाणीही निराळी.

मग निवड कोणी करावी? मी नवरीच्या आईला आणि वराच्या मोठ्या बहिणीला एकत्र बसवीन. मुलांनी यादी द्यावी, त्या दोघींनी खोडावी. उत्तान शब्दांचे गाणे त्यांच्या कानाला लगेच कळते. डीजेला कळेलच असे नाही. इशाच्या वेळी बंद करावयाचे हेही त्याला लिहून द्यावे.

आणि सातव्या दिवसाला डीजे लागत नाही. त्या दिवशी वधूच्या डोक्याला विवाहितेचा रुमाल, ‘शाश’, बांधतात. उत्तरेकडे ‘हेडो’ नावाचे, नवरीसारखे सजविलेले भांडे येते. आत तुपातले सुके मांस आणि खजूर, बाहेरून दोऱ्यांच्या अवघड गाठी. वराकडच्यांनी त्या न कापता सोडवावयाच्या. सोडविणारा घामाघूम होतो, आणि बायका टाळ्या पिटीत त्याची थट्टा करतात.