होरीच्या घरचा जमाखर्च
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावासाठी बोलावलं आणि हे लोक कादंबरी काढून बसले, असं काहींच्या मनात आलं असेल. पण शेतकऱ्याचा इतिहास सापडतो कुठे? सरकारी दप्तरात सारा किती वसूल झाला ते सापडतं. सावकाराच्या वहीत येणं किती ते सापडतं. घरात शेवटी काय उरलं, त्याचा कागद कुठल्याच दप्तरात नाही. तो कधीकधी कादंबरीत सापडतो. म्हणून आज आम्ही प्रेमचंदांचं 'गोदान' घेऊन आलो आहोत.

हे पुस्तक हिंदीत १९३६ साली निघालं आणि त्याच वर्षी प्रेमचंद वारले. अवध मुलखातल्या बेलारी गावचा होरी हा लहान शेतकरी, धनिया त्याची बायको. दारात एक गाय असावी एवढीच त्याची इच्छा. ही गोष्ट पुष्कळदा दैवाची आणि श्रद्धेची म्हणून सांगितली जाते. ती वाचून डोळ्यांत पाणीही येतं. आपण मात्र पेन्सिल हातात घेऊ, जमा आणि खर्च असे दोन रकाने आखू आणि मग वाचू.

पहिली नोंद गायीची. भोला गवळ्याकडून ८० रुपयांना, तीही उधारीवर. भाऊबंदकीत सख्खा भाऊच तिला विष घालतो. गाय गेली, उधारी राहिली.

दुसरी नोंद दंडाची. मुलगा गोबर भोलाच्या विधवा मुलीशी संबंध ठेवतो आणि ती गरोदर असताना तिला घरी सोडून पळतो. होरी आणि धनिया तिला हाकलत नाहीत. एवढ्या माणुसकीपायी पंच दंड ठोकतात, १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य. खळ्यावरचं धान्य पंचांच्या घरी जातं, राहतं घर ८० रुपयांना गहाण पडतं.

तिसरी नोंद बैलांची. गायीचे पैसे मिळाले नाहीत म्हणून भोला बैलजोडी सोडून नेतो. बैलाविना शेत पडलं, की पंडित दातादीन बी आणि बैल देतो आणि अर्ध्या पिकाचा धनी होतो. ज्या शेताचा होरी खातेदार, त्याच शेतात तो मजूर झाला.

चौथी नोंद व्याजाची. दातादीनकडून कधीतरी घेतलेले ३० रुपये वाढत वाढत २०० झाले. शहर बघून आलेला गोबर हिशेब मांडतो आणि सत्तरच्या वर देणार नाही म्हणतो. तुम्हीही मांडून बघा. शेकडा दरमहा एक रुपया धरला तर दहा वर्षांत ३० चे ६६ होतात. हिशेब गोबरचा खरा. पण ब्राह्मणाचा पैसा बुडवला तर पाप लागेल, या भीतीनं होरी २०० कबूल करतो. वरचे १३० रुपये कशाचे? भीतीचे.

आता जमेची बाजू. होरीचा ऊस साखर कारखान्यावर जातो, १२० रुपये होतात. पण फाटकाशी सावकार झिंगुरीसिंग बसलेला आहे. तो आपली रक्कम व्याजासकट कापून २५ रुपये होरीच्या हातावर ठेवतो. होरी बाहेर पडतो तोच जमीनदाराचा कारभारी नोखेराम हाक मारतो आणि ते २५ घेतो. वर्षाच्या घामाचे पैसे फाटकापासून रस्त्यापर्यंतसुद्धा टिकले नाहीत. गिरधर नावाच्या शेजाऱ्यानं तोंडात एक आणा लपवला, तेवढाच त्याच्याजवळ वाचला.

हा ऊस कारखान्यावर आला कसा, तेही बघा. १९३२ साली सरकारनं साखरधंद्याला संरक्षण दिलं. १९३१-३२ साली देशात जेमतेम तीस-बत्तीस कारखाने होते, ते चार-पाच वर्षांत सुमारे १३० वर गेले. १९३४ साली साखरेवर अबकारी कर बसला. कादंबरीतला कारखानदार खन्ना याच कराचं निमित्त करून मजुरी कापतो आणि संप होतो. संरक्षणाचा फायदा कारखान्याला, कराचा बोजा मजुराला, आणि ऊस पिकवणाऱ्याच्या वाट्याला एक आणा. दिल्लीतला कायदा बेलारीच्या चुलीपर्यंत कसा पोचतो, ते कुठल्या अहवालात इतकं स्पष्ट दिसेल?

साखळीही दिसते. झिंगुरीसिंग हा शहरातल्या मोठ्या सावकाराचा हस्तक. जमीनदार रायसाहेब स्वतः कर्जात बुडालेले. प्रत्येकाच्या डोक्यावर दुसरा बसलेला आहे. होरी सगळ्यांच्या खाली. त्यानं कुणाकडून वसूल करायचं?

मायबहिणींनो, या पुस्तकात हिशेब खरा कळतो तो धनियाला. फौजदाराला लाच द्यायला होरी कर्ज काढतो, तर ती पैसे हिसकावून सर्वांसमोर उधळते. पंचांना तोंडावर विचारते. होरी अब्रू मोजतो, धनिया पायल्या मोजते. तिचं ऐकलं असतं तर निम्मे खर्च टळले असते.

एक सावधगिरी मात्र ठेवू. ही एका घराची कैफियत आहे, मुलखाची शिरगणती नव्हे. ते जमीनदारीचे प्रांत होते, आपल्याकडे रयतवारी होती. पण जमीनदार नसतानाही पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून १८७५ साली दंगे पेटले आणि शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. उत्तर प्रदेशातली जमीनदारी १९५० च्या कायद्यानं गेली. फाटकावर उभं राहून आधी आपलं कापून घेणारा मात्र ठिकठिकाणी राहिला. कृषिकेंद्राची उधारी, हातउसन्याचं व्याज, ओलाव्याच्या नावानं कडता, हमाली, तोलाई. गाडी रिकामी होते आणि खिसाही.

तीन वर्षांचा खंड थकला आणि जमीन सुटायची वेळ आली, तेव्हा होरीनं २०० रुपये घेऊन धाकटी मुलगी जवळजवळ आपल्याच वयाच्या माणसाला दिली. शेवटी रस्त्याच्या कामावर मुरूम खणताना त्याला ऊन लागलं. मरताना गोदान करा म्हणाले. गाय नव्हती. धनियानं सुतळी विकून आलेले वीस आणे दातादीनच्या हातावर ठेवले. दातादीन म्हणजे त्याच ३० चे २०० करणारा. होरीच्या खात्यातली शेवटची नोंदसुद्धा खर्चाचीच, आणि तीही सावकाराच्याच नावे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं एक कागद आणावा. यंदा कापूस किती क्विंटल, ज्वारी किती पोती, कुठल्या ठिकाणी कुणी किती कापलं, घरी काय आलं. तो कागद घरच्या बाईला विचारून भरावा. आपल्या घरचा जमाखर्च लिहायला दरवेळी प्रेमचंद येणार नाहीत.