पहिला साप कोणता?



अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या काही घरांतून हल्ली एक मागणी ऐकू येते. दहा-बारा वर्षांचं मूल म्हणतं, मला साप पाळायचाय. वर्गातल्या मित्राकडे आहे, दुकानात विकतही मिळतो. फोनवर आजी “अगं बाई!” म्हणते आणि आईवडील विषय बदलतात. माझं म्हणणं आहे, विषय बदलू नका. ज्या मुलाला सापाची भीती वाटण्याऐवजी कुतूहल वाटतं, त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

माझं उत्तर आहे कॉर्न स्नेक. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप. केशरी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके, आणि शेतातल्या मक्याच्या कोठारांभोवती उंदरांच्या मागे फिरण्याची सवय. पूर्ण वाढला तरी सहसा तीन ते पाच फुटांचा. स्वभावाने शांत, खाण्याच्या बाबतीत कुरकुर नाही, थंडी-उकाड्यातले लहानसहान फरकही तो सोसतो. नवख्याच्या हातून काही ना काही चुकणारच, आणि ते निभावून नेणारा साप हवा.

दुकानात मात्र तुम्हाला बॉल पायथन दाखवतील. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. गोड प्राणी आहे, पण तो कधी कधी महिनोन्महिने अन्नाला तोंड लावत नाही. जाणकार माणूस अशा वेळी शांत राहतो. नवखा मात्र रडकुंडीला येतो, सारखा सापाला उचलून पाहतो, आणि त्या धसक्याने साप आणखीच खाईनासा होतो. शिवाय घाना, टोगो, बेनिन या देशांतून रानातले बॉल पायथन मोठ्या संख्येने बाहेर पाठवले गेले आहेत. घ्यायचाच असेल तर पैदास केंद्रात जन्मलेला घ्या. आणि ‘स्पायडर’ नावाचा नक्षीदार प्रकार कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका. त्या नक्षीबरोबरच मज्जासंस्थेचा दोष येतो, सापाची मान डगमगते, तोल जातो. असा जीव पैशासाठी मुद्दाम जन्माला घालणं मला क्रूर वाटतं.

आता खरी अडचण सांगतो. साप शाकाहारी होत नाही. दूधही पीत नाही, हे आपल्याकडे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. त्याला उंदीर लागतो, संपूर्ण, आणि तो गोठवलेला विकत मिळतो. म्हणजे फ्रीजरमध्ये उंदरांची पिशवी येणार. ज्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही तिथे हा प्रश्न साप आणण्याआधी सोडवा. वेगळा छोटा फ्रीजर ठेवता येतो, पण मनाची तयारी तेवढ्याने होत नाही. कुणाला ते जमणार नसेल तर तसं मोकळेपणाने मुलाला सांगावं. त्यात कमीपणा नाही.

पिल्लाला पाच-सात दिवसांनी नवजात उंदीर, मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक. सापाच्या अंगाची सगळ्यात जाड जागा जेवढी, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर. गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये सावकाश वितळवायचा, मग कोमट पाण्यात ऊब आणायची आणि चिमट्याने पुढे धरायचा. जिवंत उंदीर टाकू नका, तो सापाला चावून जखमी करतो. खाल्ल्यानंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, नाहीतर तो गिळलेलं बाहेर टाकतो.

घर म्हणून सुमारे चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी घ्या. एका टोकाला 30 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब, दुसरं टोक सहा-सात अंशांनी थंड, आणि दोन्हीकडे लपायला जागा. तापकाला थर्मोस्टॅट हवाच, त्याशिवाय सापाचं पोट भाजतं. झाकणाला कडी हवी. कॉर्न स्नेक पळून जाण्यात फार हुशार आहे. सापाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साप आणू नये.

निवडताना वर्षभराचा, वितळवलेला उंदीर खायला लागलेला साप मागा आणि विक्रेत्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. डोळे स्वच्छ, श्वासाला घरघर नाही, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपक्यांसारखे किडे नाहीत, एवढं पाहा.

आणि वय विचारात घ्या. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो. बॉल पायथन तर त्याहून पुष्कळ. 1961 साली एका खासगी मालकाने सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयाला दिलेल्या मादीने 2020 मध्ये, वयाच्या सुमारे 62 व्या वर्षी, अंडी घातली. बारा वर्षांचं मूल उद्या कॉलेजला जाईल, साप तुमच्याकडे राहील. म्हणून तो आईवडिलांनाही हवा असेल तरच आणा. कंटाळून सोडून दिलेल्या आणि निसटलेल्या बर्मी अजगरांनी फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समधले ससे, रॅकून संपवत आणले आहेत. 2012 मध्ये अमेरिकेला त्या अजगराच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

आपल्या गावचा कायदाही पाहावा. हवाईत साप पाळता येत नाही, न्यूझीलंडमध्ये तर अजिबात नाही. जॉर्जिया राज्यात कॉर्न स्नेक तिथलाच, म्हणून तो पाळायला मनाई आहे.

महाराष्ट्रात ऐकत असाल तर धामण, मांडूळ, अजगर, नाग, इथला कुठलाही साप घरी ठेवायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, सर्पमित्रालाही सूट नाही. बॉल पायथनसारख्या विदेशी प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार सक्तीची आहे. साप घरात शिरला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा. आणि मुलाला साप पाहायचाच असेल तर त्याला पुण्यात कात्रजच्या सर्पोद्यानात न्या. 1986 पासून ते चालू आहे. बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.